पदवीचा हिशेब आणि माळ्यावरची पेटी

नागपुरांतील एका महाविद्यालयांत इतिहास हा मुख्य विषय घेतलेली माझी पुतणी परवां वही घेऊन माझ्यापुढें येऊन बसली. "काका, चार वर्षांचा हिशेब मांडला आहे, एकदां नजरेखालून घाला," ती म्हणाली. आमच्या वेळीं महाविद्यालय देईल तो अभ्यासक्रम मुकाट्यानें घ्यावयाचा असे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मात्र निवडीचा बराच भार विद्यार्थ्यांवरच आला आहे.

हा हिशेब क्रेडिटांचा, म्हणजे श्रेयांकांचा असतो. एक श्रेयांक म्हणजे सत्रांत १५ तासांचें अध्यापन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. या १६० पैकीं निदान ८० मुख्य विषयाचे व ३२ दुय्यम विषयाचे असावेत. संशोधनासह ऑनर्स हवें असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण पाहिजेत आणि चौथ्या वर्षीं १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. प्रत्यक्ष आंकडे विद्यापीठागणिक थोडे बदलतात. यास्तव आपल्या महाविद्यालयाचें पत्रक जवळ ठेवूनच बेरीज करावी.

पुतणीची बेरीज बिनचूक होती. दुय्यम विषय मैत्रिणींनीं सोपा म्हणून सांगितलेला, व कौशल्याचा वर्ग सोयीच्या वेळेचा, एवढेंच काय तें. मीं विचारलें, "प्रबंध कशावर लिहिणार?"

"तें चौथ्या वर्षीं पाहूं."

तेव्हां मीं तिला माळ्यावरची पेटी काढावयास लावली. तींत माझ्या पणजोबांचे मोडी कागद आहेत. मीहि इतिहास घेऊनच पदवीधर झालों. परंतु त्यांतील एक ओळहि मला वाचतां येत नाहीं. मोडी मला कोणी शिकविली नाहीं हें खरें. पण मींहि कधीं चौकशी केली नाहीं. पुढें सवड मिळेल असें म्हणतां म्हणतां केस पिकले.

म्हणून माझें सांगणें असें कीं, हा हिशेब शेवटाकडून मांडावा. प्रबंध कोणत्या काळावर लिहावयाचा हें प्रथम कच्चें ठरवावें. त्या काळाचीं साधनें कोणत्या भाषेंत व लिपींत आहेत तें पाहावें, आणि तेवढें ज्ञान पहिल्या दोन वर्षांतच पदरांत पाडून घ्यावें. वाकाटकांचा अभ्यास करावयाचा तर ताम्रपटांसाठीं संस्कृत हवें, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे मुळांत संस्कृताचेच अध्यापक होते. भोसल्यांच्या राजवटीसाठीं मोडी हवी. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईसाठीं रेसिडेन्सीचे इंग्रजी कागद पाहावे लागतील, तर १९२३ च्या झेंडा सत्याग्रहासाठीं मराठी व हिंदी वृत्तपत्रें चाळावीं लागतील. १९५६ च्या दीक्षाभूमीवरील धर्मांतराचे साक्षीदार तर दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांच्या आठवणी टिपून घेणें चौथ्या वर्षापर्यंत लांबविणें बरें नव्हे.

साधनें ठरलीं कीं बाकीचीं घरें आपोआप भरतात. महसुलाचे कागद वाचावयाचे असतील तर दुय्यम विषय अर्थशास्त्र घ्यावा. उन्हाळ्यांतील प्रशिक्षणासाठीं नागपुरांतच शासकीय पुराभिलेखागार आहे, १८६३ चें मध्यवर्ती संग्रहालय आहे. तेथें आधींच विचारून ठेवावें. महाविद्यालयांत मोडीचा वर्ग नसेल तर तो बाहेर शोधावा. त्याचे श्रेयांक मिळोत वा न मिळोत.

आणखी एक गोष्ट पालकांसाठीं. तिसऱ्या वर्षीं पदवी घेऊन थांबण्याची मुभा आहे. घरची अडचण असल्यास ती जरूर घ्यावी. परंतु मुलीची इच्छा व गुण दोन्ही असतां "आतां पुरे" असें आपण म्हणूं नये. संशोधनाचें खरें काम चौथ्या वर्षींच हातीं येतें.

पुतणीनें कौशल्याच्या घरांतील विषय खोडून तेथें "मोडी" असें लिहिलें आहे. पेटी आतां तिच्या खोलींत आहे. दिवाळीपर्यंत एक तरी कागद वाचून दाखवीन, असें तिनें कबूल केलें आहे. त्यांत काय लिहिलें आहे तें घरांत अद्याप कोणासच ठाऊक नाहीं.