मूल वेगळं वागतं, मग दोष आईचाच का?

हाक मारली तरी तीन वर्षांचं मूल वळून पाहत नाही. गाडीचं एकच चाक तासभर फिरवत बसतं, मिक्सर सुरू झाला की कान दाबून रडतं. घरात पहिला सवाल आईलाच विचारला जातो, 'मोबाइल दिलास ना?' दुसरा, 'गरोदरपणात काय खाल्लंस?' अहिल्यानगर असो की मुंबई, हा खटला सगळीकडे सारखाच चालतो.

हे नेमकं काय असतं?
काही मुलांच्या मेंदूची जडणघडणच इतरांहून वेगळी असते. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता हे त्याचे प्रकार. यालाच 'न्यूरोडायव्हर्जन्स' म्हणतात. हा हट्ट नव्हे, वेडही नव्हे. देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, 2 ते 9 वयोगटातील सुमारे आठपैकी एका मुलात मज्जासंस्थेच्या विकासाशी संबंधित नऊपैकी किमान एक अडचण आढळली. श्रवणदोष आणि अपस्मारही त्या नऊमध्ये धरले होते. या पाच ठिकाणांत उत्तर गोवाही होता.

आईवर ठपका कुठून आला?
1943 मध्ये लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं. पुढे 'आई थंड स्वभावाची म्हणून मूल असं' हा समज पसरला आणि 1967 मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने त्याला बळ दिलं. 1977 मधील जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला आणि तो सिद्धान्त मोडीत निघाला. विज्ञानाने आईला निर्दोष ठरवलं, घराघरांत मात्र ती अजून आरोपीच आहे. सततच्या दोषारोपाने तिची झोप उडते, चिडचिड वाढते, ती माणसांत जाणं टाळते. आई खचली की मुलाचा रोजचा आधारच डळमळतो.

लक्ष कधी द्यावं?
वर्षाचं होऊनही नावाला प्रतिसाद नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने वस्तू दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं थांबलं, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून वाट पाहू नये. आधी कानाची तपासणी, मग विकासाची तपासणी करून घ्यावी.

मदत कुठे?
2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हावी, असं ठरलं आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास 6 ते 18 वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. आईला स्वतःला बोलावंसं वाटलं तर 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

अडतं कुठे?
जिल्हा 17 हजार चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातून नगरला यायचं तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास आणि एक दिवसाची मजुरी बुडते. स्पीच थेरपी मात्र आठवड्यामागून आठवडे चालते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधील ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलवतात आणि उन्हाळ्यात परततात. पथक गावात येतं तेव्हा मूल फडावर असतं आणि नोंदीत ते केवळ 'गैरहजर' ठरतं.

म्हणून तपासणी पथकांनी हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर जायला हवं, आणि थेरपी निदान ग्रामीण रुग्णालयांत ठरल्या वारी मिळायला हवी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं. घरानेही एक बदल करावा. पुढच्या वेळी तपासणीला आईबरोबर बापानेही जावं.