तापीच्या पाण्यात माशाचा वाटा

भोपाळ येथे १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी तापी महापुनर्भरण योजनेच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. खंडवा व अमरावती जिल्ह्यांच्या सीमेवर खारिया गुटीघाट येथे तापीवर बंधारा बांधावयाचा, त्याची साठवण ८.३१ अब्ज घनफूट असावयाची आणि तेथून कालव्यांनी पाणी नेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरवावयाचे, अशी ही योजना आहे. तिच्यातील एकूण सुमारे ३१ अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्राला १९.३६ आणि मध्य प्रदेशाला ११.७६ अब्ज घनफूट मिळावयाचे आहे. रावेर, यावल व बऱ्हाणपूर या केळीच्या पट्ट्यात विहिरींचे पाणी किती खोल गेले आहे हे ज्याने पाहिले आहे, तो या योजनेला नाके मुरडणार नाही. आम्हीही मुरडीत नाही. परंतु या दोन वाट्यांची बेरीज केली की हिशेब संपतो आणि नदीचा म्हणून काही वाटा त्यात उरत नाही, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली आहे.

बऱ्हाणपूरच्या समोर तापीच्या दक्षिण तीरावर जैनाबाद आहे. मुमताज महलचा १६३१ मध्ये बऱ्हाणपुरास अंत झाला, तेव्हा तिचे प्रथम दफन येथील आहुखान्यात झाले, एवढ्यापुरते हे नाव इतिहासात येते. नदीच्या दृष्टीने मात्र त्याचे स्थान निराळेच आहे. खाली भुसावळजवळ हतनूरचे धरण १९८२ पासून उभे आहे. वर आता खारिया गुटीघाटचा बंधारा व्हावयाचा आहे. म्हणजे जैनाबादपुढून वाहणारी तापी ही दोन भिंतींमधली नदी होणार.

या नदीत महाशीर हा मासा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला. नर्मदाकाठी त्यालाच बाडस म्हणतात. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमाशाचा मान दिला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो मान पापलेटला दिला. समुद्राकाठच्या राज्याने समुद्रातील मासा निवडला यात नवल नाही, पण गोड्या पाण्यातील माशांची आठवण आपल्याकडे किती क्षीण झाली आहे हेही त्यावरून दिसते.

महाशीर वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. उन्हाळा तो खोल डोहात काढतो. पावसाळ्यात नदीला पाणी आले की वरच्या अंगाला, उपनद्यांकडे चढतो आणि गोट्या-वाळूच्या उथळ जागी अंडी घालतो. ही अंडी तळाशी बसतात; गाळ चढला की गुदमरतात. रोहू-कटल्याच्या मानाने ती थोडीही असतात आणि मासा सावकाश वाढतो. म्हणून आटलेला डोह, अडलेली वाट आणि गाळाने भरलेला तळ या तिन्ही गोष्टी त्याच्या मुळावर येतात. त्यात सुरुंगाच्या दारूने व विषाने मासे मारण्याची भर. त्यास १८९७ च्या कायद्याने बंदी आहे, हे आम्ही केवळ नोंदीसाठी लिहितो.

तापी-नर्मदेतील या जातीला शास्त्रात टॉर टॉर असे नाव आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिच्यापुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. हा शेरा वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. आपण पाहिलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते: बीज तयार करू आणि सोडू. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून महाशीरचे बीज तयार होत आले आहे आणि ते काम मोलाचे आहे यात शंका नाही. तथापि कावेरीचा अनुभव विसरता येत नाही. तेथे बाहेरून आणून सोडलेला खुद्री महाशीर फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महाशीर नाहीसा होत चालला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. खुद्री हा आपल्या दख्खनचा. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आपल्या घरी जो भूषण, तोच दुसऱ्याच्या घरी घुसखोर ठरला. तापीत उद्या कोणते बीज, कोठून आणून सोडणार, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

आमच्या कोकणात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कोणी हात लावीत नाही आणि महाशीर तेथे टिकला आहे. हा श्रद्धेचा प्रताप खराच, परंतु डोहात पाणी आहे म्हणून श्रद्धेला राखण्याजोगे काही उरले, हेही तितकेच खरे. तापीच्या डोहांना पाणीच न उरले तर देवीही काय करणार?

नदीचा काही प्रवाह तिच्या स्वतःच्या गरजांसाठी राखावा, असे २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत स्पष्ट म्हटले आहे. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्राने २०१८ मध्ये ऋतुवार किमान प्रवाह अधिसूचितही केला. तापी काही कमी प्रतीची नदी नव्हे. बंधाऱ्याखाली उन्हाळ्यात किती पाणी सोडणार आणि पावसाळ्याच्या आरंभी मासा वर चढण्यासाठी दरवाजे केव्हा व किती दिवस उघडे ठेवणार, हे दोन आकडे बांधकामापूर्वी ठरले पाहिजेत. ते मागाहून मिळत नाहीत. कालव्याला एकदा सवय झाली की पाणी परत नदीत येत नाही. खर्चाच्या मानाने ही मागणी मोठी नाही. महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, तेव्हा हा आग्रह धरण्याची जबाबदारीही प्रथम महाराष्ट्राची.

त्याआधी एक पूर्ण वर्षभर, एक उन्हाळा आणि एक पावसाळा धरून, धारणीपासून जैनाबादपर्यंतच्या डोहांची दोन्ही राज्यांच्या मत्स्यखात्यांनी मिळून पाहणी करावी. कोणता डोह वैशाखात टिकतो आणि कोणता चैत्रातच आटतो, हे नदीकाठच्या भोयांना ठाऊक असते. पाहणीचा आरंभ त्यांच्यापासून करावा.