गोळ्यांचा हिशोब



सध्या युनिट राजस्थानात, पीस स्टेशनला आहे. दुपारी बाहेर लू असते, रविवारी तर लाईनीतून कुणी हलत नाही. मागच्या रविवारी पोरांनी टीव्ही रूममध्ये 'द डार्क नाइट' लावला होता, हिंदीत डब केलेला. मी सहज डोकावलो आणि शेवटपर्यंत बसून राहिलो.

त्यात एक प्रसंग आहे. जोकर रस्त्याच्या मधोमध उभा आहे, हातात ऑटोमॅटिक, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर फायर करतोय. समोरून बॅटमॅन मोटारसायकलवर सुसाट येतोय. जोकर जागचा हलत नाही, ये म्हणतो. शेवटच्या क्षणी बॅटमॅन गाडी वळवतो आणि स्वतःच आपटतो. गडहिंग्लजकडचा एक शिपाई ओरडला, "अरं उडीव की त्याला!" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, एवढी माणसं मारली त्यानं, आणि ह्याची शपथ, की कुणाला मारायचं नाही. आपण असतो तर?"

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "पिक्चर बघ लेका." पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तोच प्रश्न दोन महिन्यांपूर्वी घरी ऐकून आलो होतो.

सुट्टीवर साताऱ्याला गेलो होतो. थोरला दहावीत आहे. काळा टी-शर्ट घालून आला, छातीवर पांढरी कवटी. मी विचारलं, हे काय? "पप्पा, हा पनिशर. फौजीच आहे, मरीन होता. हा बॅटमॅनसारखा नाटकं करत नाही, डायरेक्ट मारतो." आणि त्याच दमात, "पप्पा, तुम्ही किती मारलेत?" आतून त्याची आई म्हणाली, "गप रे." मी त्याला दूध आणायला पाठवला. हा लेख खरं म्हणजे त्याच्यासाठी आहे. दूध आणून झालं, उत्तर राहिलंय.

आधी थोडी माहिती, कारण आपल्यातल्या जुन्या मंडळींनी हे पिक्चर पाहिले नसतील. सुपरहिरोनं मारायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून नव्हता. बॅटमॅन 1939 मध्ये आला तेव्हा सुरुवातीच्या गोष्टींत तो माणसं मारत होता, 1940 मध्ये तर त्यानं विमानातून मशीनगनही चालवली. मग संपादकांनी ठरवलं की बंदूक नको, खून नको. वाचणारी पोरं होती, हे कारण होतंच. पण नियम त्या माणसाला शोभला. ज्याचे आईवडील लहानपणी डोळ्यांसमोर गोळी घालून मारले गेले, तो बंदुकीला हात लावणार नाही, हे कुणालाही पटतं. सुपरमॅनचंही तसंच झालं. पुढं 1988 च्या एका अंकात त्यानं तीन गुन्हेगारांना मारलं, तर त्या ओझ्यानं तो काही काळ पृथ्वी सोडून गेला.

अलीकडचे पिक्चर काळोखे झाले. रंग काळा, पाऊस, तुटलेली शहरं, आणि हिरो मारायला लागले. सगळ्यात मोठा वाद झाला तो 2013 च्या 'मॅन ऑफ स्टील'वर. शेवटी रेल्वे स्टेशनात सुपरमॅननं झॉडची मान धरलेली असते. झॉडच्या डोळ्यांतून आग निघतेय आणि ती एका कुटुंबाच्या दिशेनं सरकतेय. सुपरमॅन थांब म्हणून विनवतो. तो थांबत नाही. सुपरमॅन त्याची मान मोडतो आणि गुडघ्यावर बसून ओरडतो. सुपरमॅन असं करूच शकत नाही, म्हणून लोक थिएटरातून चिडून बाहेर आले.

माझं मत वेगळं आहे. मी तिथं असतो तर मीही मारलं असतं. धोका समोर आहे, चालू आहे, बायकापोरं मरणार आहेत, वॉर्निंग देऊन झाली. ह्याला आम्ही खून म्हणत नाही. जोकर रस्त्यात उभा राहून फायर करत होता, तिथंही गडहिंग्लजच्या पोराचं बरोबर आहे. संत्री ड्यूटीवर मी असतो तर वाट बघितली नसती.

पण ह्यातलं निम्मंच पोरांना दिसतं. उरलेलं निम्मं सांगायचं तर माझी एक रात्र सांगावी लागेल. जागा आणि साल लिहीत नाही, ते लिहायचं नसतं. काश्मीर, मी तेव्हा हवालदार होतो.

एका घराला कॉर्डन होता. आत दोघे. पहाटेच्या आधी आमच्या एकाला मांडीत गोळी लागली. त्यानंतर थोड्या वेळानं पहिला माणूस मागच्या दारानं फायर करत माझ्या बाजूला पळत आला. मी मारला. सुमारे तीस मीटर. ह्याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

मग उजाडताना दुसरा बाहेर आला. हत्यार नाही, दोन्ही हात वर, अंगात फक्त फेरन. ते वर उचलून दाखव म्हटलं, त्यानं दाखवलं, खाली काही नव्हतं. माझ्या शेजारी बीडकडचा एक जवान होता, ज्याला गोळी लागली त्याचा बडी. त्याच्या रायफलीचं तोंड त्या माणसाच्या छातीवर. तो हळूच म्हणाला, "उस्ताद, बघू नका इकडं." मी त्याची नळी हातानं खाली दाबली. गरम होती, तळहाताला चटका बसला. तो माणूस जिवंत पोलिसांकडं गेला. पुढं त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

दोन माणसं, एकच रात्र, एकाच घरातून आलेली. एकाला मारणं माझं काम होतं, दुसऱ्याला मारणं गुन्हा झाला असता. मधे फरक फक्त एवढाच की एकाचा धोका चालू होता आणि दुसऱ्याचा संपला होता. 1949 च्या जिनिव्हा करारांत हेच आहे: ज्यानं हत्यार टाकलं, त्याला मारायचं नाही. आपल्या फौजेत 'काय करावं, काय करू नये' ही यादी असते. 1997 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ती यादी नुसता सल्ला नाही, ती बंधनकारक आहे. ज्यांनी खोऱ्यात किंवा ईशान्येत नोकरी केली, त्या माजी सैनिकांना ती आजही पाठ असेल.

आणि त्यानंतरचं काम. युनिटला परत आल्यावर राउंडची गिनती झाली. कुणी किती घेतले, किती उरले, किती फायर झाले. माझे 11. कुठून केले, कुणी सांगितलं म्हणून केले, वॉर्निंग कोण बोललं. पोलिसांनी एफआयआर लिहिला, मृतदेह आणि हत्यार त्यांच्या ताब्यात गेलं. कंपनी कमांडरनं बसवून सगळं विचारलं. झोप आलेली, हात थरथरत होते, आणि मला राग आला होता की आत्ता कसली गिनती करताय. आज वाटतं, त्या गिनतीनंच मला सांभाळलं. मारलं ते माझ्या मर्जीनं नाही आणि हिशोब न देता नाही, हे तिथं कागदावर आहे.

आता बॅटमॅनकडं बघा. त्याला कमांडर नाही. त्याच्या सेटवर 'होल्ड फायर' म्हणणारं कुणी नाही. त्याचे राउंड कोण मोजणार? पकडणारा तोच, निकाल देणारा तोच. अशा माणसाच्या गळ्यात एकच पट्टा आहे, तो म्हणजे त्यानं स्वतः घेतलेली शपथ. ती काढली तर उरतो रात्री फिरणारा, भरपूर पैसा आणि हत्यारं असलेला, कुणालाही उत्तर न देणारा माणूस. 2016 च्या 'बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन'मध्ये तो तसाच दाखवलाय. गाड्यांवर मशीनगन चालवतो, माणसं मरतात, मागं वळून बघत नाही. गुन्हेगारांना तापलेल्या लोखंडानं डाग देतो आणि मग तुरुंगात त्यांना मारलं जातं. म्हणजे मरण लावून दिलं आणि हात स्वच्छ ठेवले. त्याहून आधीच्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्येही शेवटी तो म्हणतो की मारणार नाही, पण वाचवणारही नाही, आणि धावत्या ट्रेनमध्ये शत्रूला सोडून उडून जातो. ही पळवाट आहे. ताब्यातला माणूस जखमी असेल तर त्याला पाणी आणि पट्टी द्यावी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं: काळोख्या पिक्चरमध्ये हिरोनं मारलं की नाही, हा मूळ प्रश्न नाही. नंतर त्याचा हिशोब झाला का, हा आहे. 'मॅन ऑफ स्टील'ची चूक मला झॉडच्या मानेत दिसत नाही. ती पुढच्या सीनमध्ये आहे. सुपरमॅन एक ड्रोन पाडून जनरलसमोर टाकतो, थट्टेचं बोलतो, एक बाई अधिकारी लाजून हसते. अर्धं शहर पडलंय, स्वतःच्या हातानं पहिला माणूस मेलाय, आणि विनोद? ज्यानं कुणाला मारलंय त्याला विचारा, पुढचा सीन तसा नसतो. माझा पुढचा सीन असा होता की लंगरमध्ये ताटात डाळ वाढली आणि मी ताट तसंच ठेवून उठलो.

ह्या बाबतीत 'द डार्क नाइट' मला जास्त प्रामाणिक वाटला. शेवटी जोकर इमारतीवरून पडतो आणि बॅटमॅन त्याला दोरीनं वर ओढून लटकवतो. धोका संपला, माणूस जिवंत, पोलिसांच्या ताब्यात. लगेच पुढं हार्वे डेंट गॉर्डनच्या मुलाला पिस्तूल लावतो तेव्हा बॅटमॅन झेप घेतो आणि डेंट पडून मरतो. पोर वाचवायला केलं, ठीक. पण नंतर तो आणि गॉर्डन मिळून खोटा रिपोर्ट देतात, डेंटनं केलेले खून बॅटमॅनच्या नावावर. 2012 च्या पुढच्या भागात तो खोटेपणा उघडा पडतो आणि शहराला महाग पडतो. रिपोर्ट खोटा असला की कधीतरी तो परत येतोच, हे आपल्यातल्या कुणालाही सांगायला नको.

आता पोरांचा खरा मुद्दा, तो टाळून चालणार नाही. जोकर पुन्हा सुटतो, पुन्हा माणसं मारतो, मग ती माणसं बॅटमॅनच्या शपथेनं मेली नाहीत का? ह्याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. पकडलेला माणूस सुटून परत हत्यार घेऊन समोर आल्याचं ऐकलं की बराकीत काय बोललं जातं, मला माहीत आहे. मीही बोललोय. पण गेट पुन्हा पुन्हा उघडं राहत असेल तर गेट दुरुस्त करा, संत्र्याला जल्लाद करू नका. 'किंगडम कम' नावाचं 1996 चं कॉमिक आहे. त्यात पकडलेल्या जोकरला एक नवा हिरो मारून टाकतो, कोर्ट त्याला सोडतं, लोक टाळ्या वाजवतात. मग त्याच्यासारखेच हिरो सगळीकडं होतात आणि त्यांच्याच एका मारामारीत लाखो माणसं मरतात. जोकर मेला, पण पुढच्याला परवानगी मिळाली.

राहिली ती कवटी. पनिशर 1974 मध्ये आला तो हिरो म्हणून नाही, स्पायडरमॅनच्या अंकात त्याचा शत्रू म्हणून. त्याला जन्म देणाऱ्यांपैकी एक लेखक जेरी कॉनवे. अमेरिकेत फौजी आणि पोलीस कवटी मिरवायला लागले तेव्हा त्यानं उघड नापसंती सांगितली, कारण पनिशर म्हणजे कायदा कोसळल्याची खूण. 2019 च्या एका अंकात तर खुद्द पनिशर पोलिसांच्या गाडीवरचं कवटीचं स्टिकर फाडतो. आपल्याकडंही गाड्यांवर, मोबाईलच्या कव्हरवर ती दिसते. लावणाऱ्या पोरांच्या मनात वाईट काही नसतं. पण आपल्या छातीवर नाव आणि युनिटची खूण असते ती ह्यासाठी, की उद्या कुणी विचारलं तर उत्तर कोण देणार, हे ठरलेलं असावं.

तो बीडचा जवान त्या सकाळनंतर दोन महिने माझ्याशी ड्यूटीपुरतंच बोलला. लंगरमध्ये माझ्या टेबलावर बसत नसे. मला वाईट वाटायचं, कारण त्याचं दुःख खरं होतं आणि त्याचा बडी आजही लंगडतो. पुढं त्याच्या लग्नाला मी गेलो. त्यानं हाताला धरून आईसमोर नेलं आणि "हे आमचे उस्ताद" एवढंच म्हणाला. त्या पहाटेचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

बाळा, आता तुझा प्रश्न. आकडा मी तुला सांगेन, पण इथं नाही, आणि आत्ता नाही. दिवाळीला सुट्टी मंजूर झाली तर आपण दोघं यवतेश्वरला चालत जाऊ, तेव्हा. मारलेल्यांबरोबर एक न मारलेलाही आहे, त्याचंही सांगेन. टी-शर्ट घालायचा तर घाल, मी काढायला लावणार नाही. फक्त पिक्चर बघताना हिरोनं गोळी झाडली की एवढं बघ: ती कुणी मोजली का?

जय हिंद.