मोटार ‘मिस’ मारू लागली तर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांस मोटारीवाचून गत्यंतर नाही. मुंबईत लोकल आणि बस यांवर ज्यांचे निम्मे आयुष्य गेले, त्यांनाही येथे नोकरी, मुलांची शाळा आणि सणावाराचे सिनेगॉग यांसाठी स्टिअरिंग हाती धरावे लागते. यास्तव मोटारीच्या एका नेहमीच्या दुखण्याविषयी या अंकी लिहावे असे आम्ही योजिले आहे.

सिग्नलपाशी मोटार उभी असता इंजिन थरथरू लागते, चढणीवर तिला दम लागतो आणि समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. आपल्याकडील मिस्त्री यालाच ‘गाडी मिस मारते’ असे म्हणत. येथे ‘मिसफायर’ म्हणतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २५ वेळा ज्वलन होते. दर वेळी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : वेळेवर पडलेली ठिणगी, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण आणि त्या मिश्रणावरील पुरेसा दाब. यांपैकी एक जरी चुकली, तरी तो सिलिंडर आपले काम न करता नुसताच फिरत राहतो आणि इंजिनाची चाल अडखळते.

प्रथम दिव्याकडे लक्ष द्यावे. तो स्थिर असेल तर सावकाश घरी जाऊन लवकरच तपासणी करावी. परंतु तो लुकलुकत असेल, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे आणि मोटार ओढून न्यावी. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व त्याच्या आतील मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. शुक्रवारी सांजवेळेपूर्वी सिनेगॉग गाठण्याच्या घाईत आणखी वीस मैल दामटल्यास काही डॉलरांच्या प्लगचे दुखणे हजार डॉलरांच्या वर जाऊ शकते.

पूर्वी फियाट वा अँबॅसेडर मिस मारू लागली की मिस्त्री चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर काढून पाहत. जी काढल्याने आवाजात फरक पडत नसे, तो सिलिंडर मेलेला. आजच्या मोटारीत हा प्रयोग मुळीच करू नये. विजेचा जबर धक्का बसतो आणि कन्व्हर्टरमध्ये कच्चे पेट्रोल जाते. आता हेच काम मोटारीतील संगणक करतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींत ही व्यवस्था सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या खाचेत लहानसे वाचनयंत्र लावले की सांकेतिक क्रमांक दिसतो. ‘पी०३०२’ म्हणजे दुसरा सिलिंडर, ‘पी०३०३’ म्हणजे तिसरा. ‘पी०३००’ म्हणजे दोष एका ठिकाणी स्थिर नाही. सुटे भाग विकणारी अनेक दुकाने हा क्रमांक विनामूल्य वाचून देतात.

येथेच पुष्कळांची फसगत होते. हा क्रमांक दोष कोठे आहे ते सांगतो. तो का आहे, हे सांगत नाही. केवळ क्रमांक पाहून प्लग, कॉइल, इंजेक्टर सर्वच बदलणे म्हणजे घाण्याचा बैल अडखळला म्हणून अख्खा घाणाच नवा बसविणे होय. आपल्या शनवार तेली पूर्वजांस हे पटले नसते!

ज्या मोटारीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तीत पुढील परीक्षा बिनखर्चाची आहे. इंजिन बंद व पूर्ण थंड असता दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, जुना क्रमांक पुसावा व मोटार थोडी चालवून पाहावी. आता ‘पी०३०३’ आला तर कॉइल दोषी. ‘पी०३०२’ च राहिला तर त्याच रीतीने प्लगांची अदलाबदल करावी. काढलेला प्लगही पुष्कळ सांगतो. फिकट तपकिरी टोक निरोगी; कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; तेलकट ओल म्हणजे इंजिनातील तेल आत शिरते आहे. प्लग बसविताना आटे प्रथम हातानेच फिरवावेत, अन्यथा ॲल्युमिनियमचे आटे बिघडतात. इतके करूनही दोष तेथेच राहिला, तर इंजेक्टर व सिलिंडरचा दाब तपासणे हे मेकॅनिकचे काम. सोबत पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर मात्र विलंब न लावता त्याला दाखवावे.

गॅरेजात गेल्यावर भगिनींनी व वडीलधाऱ्यांनीही संकोच न करता विचारावे : “कोणती परीक्षा केली आणि तिचा निष्कर्ष काय?” खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा व काढलेला भाग पाहण्यास मागावा.

आणखी दोन गोष्टी ध्यानी असाव्यात. केंद्रीय कायद्यान्वये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व इंजिनाचा संगणक यांस ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर, उत्पादकाची हमी असते. जुनी मोटार विकत घेणारासही तिचा लाभ मिळतो. दुसरे असे की, न्यू यॉर्क व न्यू जर्सी येथील तपासणीत इंजिनाचा दिवा लागलेली मोटार नापास होते. आदल्या रात्री क्रमांक पुसून दिवा घालविण्याची युक्तीही चालत नाही, कारण संगणकाच्या स्वपरीक्षा अपुऱ्या आहेत हे तपासनिसास दिसते. दोष दुरुस्त करून काही दिवस मोटार चालवावी, मगच तपासणीस न्यावी.

पुढील अंकी ब्रेकविषयी लिहू. तोवर सर्व वाचकांचा प्रवास सुखरूप होवो. शालोम.