कोटेशनमधले ‘जी. आय.’ आणि समुद्राची हवा

रत्नागिरीचा मिरकरवाडा घ्या, दापोलीचे हर्णै घ्या किंवा मुंबईचा ससून डॉक घ्या. मासळीचा सारा धंदा बर्फाच्या लादीवर उभा आहे. बर्फ थांबला की बोट थांबते, बोट थांबली की लिलाव थांबतो आणि लिलाव थांबला की नाखव्यापासून पाटीवालीपर्यंत सर्वांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. बर्फाचा कारखाना ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र मात्र आपण कसे विकत घेतो? चार कोटेशने मागवतो, खालचा आकडा पाहतो आणि सर्वात कमी आकड्यावर बोट ठेवतो. किनाऱ्यावर ही पद्धत महागात पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही पुस्तकात वाचून बनवलेले नाही, पदरचे पैसे मोजून बनवले आहे.

आमच्या भागीदारीतल्या बर्फ कारखान्यासाठी आम्ही कंडेन्सर घेतला, तेव्हा कोटेशनवर एकच ओळ होती : ‘कंडेन्सर, जी. आय., पूर्ण सेट.’ दर सर्वांत कमी होता. आम्ही खूश झालो. तिसऱ्या हंगामात, ऐन ऑक्टोबरात, बोटी भरून येत असताना कॉइलच्या जोडांवर गंजाची भोके पडली आणि अमोनिया गळू लागला. अकरा दिवस कारखाना बंद राहिला. ज्या नाखव्यांशी आमच्या वडिलांपासून खाते होते, त्यांनी दुसरीकडून बर्फ उचलला. त्यांतले काही अद्याप परत आलेले नाहीत आणि त्यांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही.

बिल घेऊन आम्ही माल देणाऱ्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, “जी. आय. लिहिले होते, जी. आय.च दिले.” कागदावर त्याचे खरे होते. त्याने बाजारातून जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणले आणि मग ते वेल्ड केले. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडावरचे जस्त जळून जाते आणि तिथे उघडे लोखंड उरते. खाऱ्या हवेला आणि पाण्याला तेवढी वाट पुरे होते. योग्य रीत अशी की, आधी सगळे वेल्डिंग संपवावे आणि मग अख्खे कॉइल वितळलेल्या जस्तात बुडवावे. दोन्ही मालांचे नाव ‘जी. आय.’च!

मुलाम्याची जाडी विचारा

‘गॅल्व्हनाइज्ड’ या एका शब्दात दोन वेगळ्या वस्तू लपतात. गरम जस्तात बुडवलेल्या, ६ मिलिमीटरहून जाड पोलादावर सरासरी किमान ८५ मायक्रॉन जस्त असावे, असे आय. एस. ओ. १४६१ हे मानक सांगते. विजेच्या प्रवाहाने चढवलेला चकचकीत मुलामा बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचाच असतो. दिसायला हाच अधिक देखणा, म्हणून गिऱ्हाईक फसते.

आता हवेचा हिशेब पाहू. हवा धातूला किती खाते, यावरून आय. एस. ओ. ९२२३ या मानकात हवेचे सी-१ ते सी-५ आणि त्यापुढे सी-एक्स असे वर्ग केलेले आहेत. सी-५ या कडक वर्गात जस्त पहिल्या वर्षी ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजते. या वेगाने ८५ मायक्रॉनचा थर दहा ते वीस वर्षे पुरेल, तर १० मायक्रॉनचा थर एक-दोन पावसाळ्यांतच संपेल. हा हिशेब सांगाडा, पंख्याची जाळी, शिडी आणि नटबोल्ट अशा हवेत राहणाऱ्या भागांचा आहे. सतत पाण्याखाली असलेल्या कॉइलचे आयुष्य त्या पाण्यावर ठरते, हे ध्यानात ठेवावे.

त्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. कंडेन्सरवर फिरणाऱ्या पाण्यातील पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. निम्मे पाणी उडाले की उरलेल्या पाण्यात मीठ दुप्पट होते. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरच्या अनेक विहिरी आधीच मचूळ झालेल्या असतात. यास्तव टाकीतील थोडे पाणी नियमाने सोडून देणे आणि नवे भरणे हा पाण्याचा अपव्यय समजू नये.

भारी धातू चुकीच्या जागी

आमच्यासारखा एकदा पोळलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. “सगळे स्टेनलेसच करा,” किंवा “समुद्राला तांबे-निकेल उत्तम, तेच लावा,” असे तो म्हणतो. हेही चूकच आहे.

९० भाग तांबे व १० भाग निकेल आणि त्यात थोडे लोखंड व मँगनीज असलेला क्युप्रोनिकेल हा समुद्राच्या पाण्यासाठी नावाजलेला धातू आहे. फ्रिऑनच्या जातीच्या गॅसवर चालणाऱ्या आणि समुद्राचे पाणी वापरणाऱ्या कंडेन्सरमध्ये त्याच्या नळ्या चांगल्या टिकतात. परंतु आपले बहुतेक बर्फ कारखाने अमोनियावर चालतात आणि ओलसर अमोनिया तांब्या-पितळेचा वैरी आहे. पितळेला तर तो तडे पाडतो. म्हणून अमोनियाच्या वाटेत तांब्याची नळी नको, पितळेचा कॉक नको, पितळेचा गेजही नको. तिथे एम. एस. किंवा स्टेनलेस हवे. अमोनियाचा कंडेन्सर समुद्राच्याच पाण्यावर चालवायचा असेल तर टायटॅनियमच्या प्लेटचा विचार करावा. तो महाग आहे, पण समुद्राचे पाणी त्याला जवळजवळ काहीच करत नाही.

क्युप्रोनिकेललाही पथ्य आहे. पाणी फार वेगाने सोडले तर त्याच्या अंगावरचा संरक्षक पापुद्रा निघून जातो. जेट्टीलगतच्या पाण्यात मासळीची घाण कुजते, त्यातील गंधकाचे क्षार या धातूला खातात. तेव्हा पाणी खेचण्याचा पाइप लिलावाच्या धक्क्याजवळ टाकून पाइपाचे पैसे वाचवणारा नळ्यांचे पैसे घालवतो.

स्टेनलेसचेही तसेच. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग आणि सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. ३१६ जातीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम जास्त असते, म्हणून ती खाऱ्या हवेत पुष्कळ बरी. पण कोमट समुद्राचे पाणी साचून राहिले तर ३१६ लाही गॅस्केटखाली आणि सांध्यात भोके पडतात. बाजारात निकेल कमी करून मँगनीज घातलेला स्वस्त २०० जातीचा माल ३०४ म्हणून खपवला जातो. “लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल” ही समजूत सोडून द्यावी. लोहचुंबक २०० जातीलाही चिकटत नाही. माल तयार करणाऱ्या कारखान्याचे तपासणीपत्र मागावे आणि पत्र्यावरचा हीट नंबर त्याच्याशी ताडून पाहावा. सौदा मोठा असेल तर प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

लहान धंदेवाल्याने काय करावे?

आमचे काही व्यापारी बंधू म्हणतील, हे सारे पैसेवाल्यांचे बोलणे झाले. तसे नाही. खर्च सगळीकडे करायचा नाही, जागा पाहून करायचा. अमोनिया ज्यात कोंडलेला आहे तिथे काटकसर नको. नटबोल्टांवर नको, त्यांची किंमत एकूण यंत्रात अगदी किरकोळ असते आणि यंत्र खिळखिळे होते ते त्यांच्यापासूनच. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात साधा लोखंडी बोल्ट कधीही लावू नये, तो आधी खाल्ला जातो. टॉवरचे अंग फायबरचे चालते. छपराच्या सांगाड्याला चांगला रंग आणि वेळेवर दुसरा हात दिला तरी भागते.

मासळीच्या लहान कोल्ड रूमच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. खाऱ्या ओलाव्यात तांब्याला लागलेले ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. त्यावर इपॉक्सीचा थर आहे काय, हे लेखी विचारा. पट्ट्या निळ्या दिसल्या म्हणजे त्या खाऱ्या हवेसाठीच केलेल्या आहेत, असे धरून चालू नका.

आणि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे गोडे पाणी. जिथे पाऊस पोहोचतो तिथले मीठ धुऊन जाते, आडोशाखाली मात्र ते साचत राहते. म्हणूनच आपल्या यंत्रांची खालची आणि आतली बाजू आधी गंजते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारा. पावसाळी मासेमारी बंदीत कारखाना थांबतो, तेव्हा नळ्यांतले खारे पाणी सोडा, त्या गोड्या पाण्याने धुवा आणि कोरड्या करा. साचलेले खारे पाणी बंद कारखान्यातही आपले काम करीतच असते.

आमचे दोन शब्द वेल्डर, फॅब्रिकेटर आणि फिटर बंधूंसाठीही आहेत. दर पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तुमची कुचंबणा होते, हे आम्ही जाणतो. आम्ही स्वतः तसेच गिऱ्हाईक होतो. तरीही कोटेशनवर धातूची जात, मुलाम्याची जाडी आणि मुलामा वेल्डिंगनंतर दिला की आधी, या तीन गोष्टी तुम्ही स्वतःहून लिहा. दोन दर द्या आणि प्रत्येकासमोर माल किती वर्षे टिकेल ते लिहा. एक लाखाचे यंत्र चार वर्षे टिकले तर वर्षाला पंचवीस हजार पडले. दीड लाखाचे दहा वर्षे टिकले तर पंधरा हजार. हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला कळतो, फक्त तो त्याच्यापुढे मांडावा लागतो.

आमचा नवा कंडेन्सर आम्ही अशाच लेखी ऑर्डरीवर घेतला. ऑर्डर दीड पानांची झाली. माल देणारा हसून म्हणाला, “एवढे कोणी लिहीत नाही.” आम्ही म्हणालो, पहिल्या वेळी आम्हीही लिहिले नव्हते.