अंतर्गत रचनेची पदवी : नाव भारदस्त, कायदा मुका

बारावीचे निकाल लागले की प्रवेशाच्या जाहिरातींना ऊत येतो. त्यांत अलीकडे एक शब्दप्रयोग ठळकपणे दिसू लागला आहे : ‘इंटिरियर आर्किटेक्चर अँड डिझाइन’. हाच विषय एके काळी ‘इंटिरियर डेकोरेशन’ म्हणून शिकवला जाई. पुढे तो ‘इंटिरियर डिझाइन’ झाला आणि आता त्याला ‘आर्किटेक्चर’चे बिरुद लाभले आहे. काही संस्थांत ही नावातली बढती अभ्यासक्रमातील खऱ्या बदलाची खूण आहे. काही संस्थांत मात्र केवळ पाटी नव्याने रंगवलेली आहे. लाखो रुपयांचे शुल्क भरणाऱ्या पालकाला या दोहोंतला फरक बाहेरून कळत नाही, आणि तो कळावा अशी व्यवस्था देशाच्या कायद्यानेही केलेली नाही.

कायद्याची स्थिती प्रथम पाहिली पाहिजे. वास्तुविशारद अधिनियम १९७२ सालचा. त्याखाली वास्तुविशारद परिषद स्थापन झाली आणि परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘आर्किटेक्ट’ हे पद लावण्यास कलम ३७ ने मनाई केली. या कलमातून ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि ‘नेव्हल आर्किटेक्ट’ अशा दोन व्यावसायिकांना नावानिशी सूट दिलेली आहे. ‘इंटिरियर आर्किटेक्ट’ त्या यादीत नाही. म्हणजे चार वर्षे ‘इंटिरियर आर्किटेक्चर’ शिकून बाहेर पडलेल्या मुलाने किंवा मुलीने दारावरच्या पाटीत ‘आर्किटेक्ट’ हा शब्द घातला, तर ते कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. पदवीच्या नावात जो शब्द विकला गेला, तो व्यवसायात वापरता येत नाही. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत ही गोष्ट ठळक अक्षरांत छापणारी संस्था विरळाच.

नाण्याची दुसरी बाजू अधिक चमत्कारिक आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वास्तुविशारद परिषद विरुद्ध मुकेश गोयल’ या प्रकरणात स्पष्ट केले की, कलम ३७ केवळ पदनामाला संरक्षण देते. इमारतीचे आराखडे करण्याचे वा बांधकामावर देखरेख ठेवण्याचे काम इतरांनी करू नये, असे ते म्हणत नाही. प्रत्यक्ष इमारतीची ही गत, तर इमारतीच्या आतल्या रचनेबद्दल काय बोलावे? अंतर्गत रचनाकारांसाठी देशात वैधानिक परिषदच नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स’ ही व्यावसायिकांची संघटना आहे, तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. जर्मनीत ‘इनेनआर्किटेक्ट’ हे पद कायद्याने संरक्षित आहे आणि वास्तुविशारदांच्या प्रांतिक मंडळात नोंद झाल्याशिवाय ते लावता येत नाही. आपल्याकडे सहा आठवड्यांचा वर्ग केलेला आणि चार वर्षे घाम गाळलेला, दोघेही ग्राहकासमोर एकाच नावाने उभे राहतात.

हा प्रश्न केवळ व्यावसायिकांच्या प्रतिष्ठेचा असता, तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा बळी गेला. परवाने कोणी दिले, कोणी डोळेझाक केली, यावर राज्यात पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु त्या चर्चेत वारंवार आलेले मुद्दे पाहा : चटकन पेट घेणारी सजावट, बाहेर पडण्याच्या अरुंद वाटा, तळघरात अडकलेले कर्मचारी. हे तिन्ही मुद्दे अंतर्गत रचनेच्या कक्षेतले आहेत. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी १४ जण दगावले, तेव्हाही हेच दिसले होते; वाट न सापडलेली माणसे स्वच्छतागृहात शिरली आणि तिथेच गुदमरली. ब्राझीलमधील सांता मारिया शहरात जानेवारी २०१३ मध्ये एका नाइटक्लबच्या आगीत २४२ जण मरण पावले. तिथे छताला ध्वनी शोषण्यासाठी लावलेला फोम पेटला होता. पॉलियुरेथेनचा असा फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो आणि माणसे ज्वाळांपूर्वी धुराने मरतात.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत अग्निसुरक्षेचा स्वतंत्र भाग आहे. भिंती व छत यांच्या आतील पृष्ठभागावरून ज्वाला किती वेगाने पसरते, त्यानुसार साहित्याची वर्गवारी तीत दिलेली आहे. बाहेर पडण्याच्या मार्गांची रुंदी, त्यांची संख्या, दारे कोणत्या दिशेला उघडावीत, हे सारे तिथे सापडते. संहिता स्वतःहून बंधनकारक नसते, राज्याने आपल्या नियमांत ती सामावून घ्यावी लागते. आणि मुख्य म्हणजे कोणीतरी ती वाचावी लागते. एखाद्या महाविद्यालयात अंतर्गत रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला चार वर्षांत ही संहिता एकदाही उघडावी लागली नसेल, तर त्या अभ्यासक्रमाला ‘आर्किटेक्चर’ म्हणण्याचा अधिकार नाही. मग भिंतीवरचे रंगसंगतीचे फलक कितीही देखणे असोत.

आगीचे उदाहरण टोकाचे वाटत असेल, तर गोमंतकीय रसिकाच्या जिव्हाळ्याचे दुसरे घेता येईल. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली मांडवीकाठची कला अकादमी बाहेरून जितकी साधी, तितकी आतून समृद्ध. दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांच्या चित्रांनी जुन्या नाट्यगृहातल्या प्रेक्षकांचा भास उभा केला आणि त्या सभागृहाच्या ध्वनिगुणांची वाखाणणी गायक-नटांनी वर्षानुवर्षे केली. नूतनीकरणाचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले, ती बातमी मोठी झाली. तथापि कलावंतांची खरी खंत पुढे आली ती सभागृह पुन्हा खुले झाल्यावर : ध्वनी आणि प्रकाशयोजना यांविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला तपासणीसाठी कृती दल नेमावे लागले.

सभागृहाचा ध्वनी हा दैवयोग नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने एका व्याख्यानगृहात रात्री-अपरात्री आसनांच्या गाद्या आत-बाहेर वाहून नेऊन नाद किती वेळ घुमतो ते मोजले. नाद विरण्यास लागणारा वेळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आतल्या शोषक पृष्ठभागाबरोबर घटतो, हे सूत्र त्यातून निघाले. भाषणाला साधारण एक सेकंद पुरतो. वाद्यवृंदाला दीड-दोन सेकंद लागतात. संगीत नाटकाला मात्र दोन्ही हवे असते, गद्यातला शब्द सुटा कळावा आणि पदातली तान कोरडी पडू नये. हा समतोल खुर्चीच्या कापडापासून पडद्याच्या जाडीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर अवलंबून असतो. खुर्च्या बदलताना हे गणित कोणी मांडायचे, याचे उत्तर म्हणजे अंतर्गत वास्तुरचनेचे शिक्षण.

असे शिक्षण देणारी परंपरा आपल्या परिसरात नाही असे नाही. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात अंतर्गत सजावटीचा विभाग दीर्घकाळ चालत आला आहे. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाच्या अंगाने हा विषय रुजला. घरातले काम, कामाची उंची, थकवा यांचा विचार तिथे आधी झाला. ज्याला आज मोठ्या दिमाखात ‘अर्गोनॉमिक्स’ म्हणतात, त्याची सुरुवात आपल्याकडे ओट्यासमोर उभ्या बाईच्या पाठदुखीपासून झाली, हे सांगायला लाजण्याचे कारण नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अंतर्गत रचनेला वास्तुकलेच्या शेजारी स्वतंत्र शाखा म्हणून स्थान दिले आणि कारागिरी, साहित्य व प्रत्यक्ष बांधणी यांवर भर दिला. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या या संस्थांत एक गोष्ट समान आहे : विद्यार्थ्याचा हात लाकडाला, कापडाला, मातीला लागतो.

विशेष महाविद्यालयाची पारख करताना म्हणूनच संगणकाच्या पडद्यावरची गुळगुळीत चित्रे बाजूला ठेवावीत. ती चित्रे आता यंत्रेही काढू लागली आहेत. पाहायचे ते कार्यशाळेत रंधा चालतो का, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने काढलेला छेद पाहून सुतार काम सुरू करू शकेल का, वीजभार आणि जलवाहिन्या कोणी अनुभवी अभियंता शिकवतो का, अंदाजपत्रक करायला लावतात का. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदाही २०१६ चाच आहे; चाकाची खुर्ची स्वच्छतागृहात वळते की नाही, हे तपासण्याची सवय पहिल्या वर्षापासून लागली पाहिजे.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक भान लागते. इथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महानगरी मासिकांतून उचललेली एमडीएफची कपाटे दुसऱ्या पावसाळ्यात फुगतात, तिसऱ्यात त्यांची बिजागरे सुटतात. साधे प्लायवूड आणि आयएस ७१० मानांकनाचे मरिन प्लायवूड यांतला फरक दुकानदाराकडून शिकण्याची वेळ पदवीधरावर येत असेल, तर तो दोष पदवीचा. याउलट चिऱ्याच्या जाड भिंती, राजांगणातून खेळणारी हवा, काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या, बल्कांवातली दगडी बैठक ही सारी या हवामानाशी शतकानुशतके चाललेल्या संवादाची फळे आहेत. पर्वरीजवळच्या तोर्डा येथील ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालयात ती एकत्र पाहायला मिळतात. जुनी घरे विकत घेऊन त्यांची ‘बुटीक’ निवासस्थाने करण्याचा धंदा राज्यात जोरात आहे आणि त्या कामांसाठी रचनाकार बहुतेक बाहेरून येतात. पेडणे, फोंडा, सांगे इथल्या मुलांना ही घरे आतून ठाऊक असतात. ठाऊक असलेले कागदावर मोजून मांडण्याचे शिक्षण मिळाले, तर हे काम त्यांच्याकडे का येऊ नये?

मिळकतीबद्दल भाबडेपणा नको. सुरुवातीची काही वर्षे पगार तुटपुंजा असतो आणि कामाचे तास अघोरी. स्वतंत्र व्यवसायात शुल्क चौरस फुटावर किंवा एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. दुसऱ्या पद्धतीत ग्राहकाचा खर्च वाढला की रचनाकाराचे उत्पन्न वाढते, हा तिचा अंगभूत दोष. त्यावर साहित्य विक्रेत्यांकडून मिळणाऱ्या दलालीची भर पडते. ही दलाली या धंद्यातले उघड गुपित आहे आणि नोंदणी, आचारसंहिता, तक्रार ऐकणारी परिषद यांपैकी काहीच नसल्याने ग्राहकाला दाद मागायला ग्राहक आयोगाखेरीज जागा उरत नाही.

केंद्राने अंतर्गत रचनाकारांसाठी परिषद स्थापन करावी ही मागणी जुनी आहे, ती कधी मान्य होईल हे दिल्लीच जाणे. राज्य सरकारला मात्र तेवढे थांबण्याची गरज नाही. उपाहारगृहे, क्लब, सभागृहे, शिकवणीवर्ग अशा गर्दीच्या जागांच्या परवान्यासोबत आतल्या साहित्याची यादी, त्याचा अग्निवर्ग आणि बाहेर पडण्याच्या वाटांचा नकाशा जबाबदार रचनाकाराच्या सहीने मागता येईल. सजावट बदलली की नकाशा पुन्हा सादर करावा, अशी अट घालता येईल. ती सही करायला पात्र कोण, हे ठरवण्याची वेळ आली की कोणत्या महाविद्यालयाने चार वर्षांत काय शिकवले, हेही आपोआप तपासले जाईल.