पुंडलिकाला विसावा कोण देणार?

वारकरी माउलींनो, आपल्या जयघोषात देवाच्याही आधी पुंडलिकाचे नाव येते. आईवडिलांच्या सेवेत खंड नको म्हणून त्याने प्रत्यक्ष देवाला विटेवर उभे केले. ही कथा आपण प्रेमाने सांगतो आणि तिचेच ओझे करून घरोघरच्या सुनेच्या, पत्नीच्या, मुलाच्या पाठीवर लादतो. ‘सेवा म्हणजे पुण्य, तिला मदत कशाला?’ असे म्हणणाऱ्याने एक रात्र तरी अशा घरात काढावी.

कंपवात, स्मृतिभ्रंश हे चार दिवसांचे पाहुणे नव्हेत. कंपवाताचा त्रास औषधाने कमी होतो, आजार मुळातून जात नाही. गोळीची वेळ टळली की हातपाय अडतात. स्मृतिभ्रंश झालेले माणूस मध्यरात्री दार उघडून बाहेर पडते. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे वर्षानुवर्षे करणारी बाई शेवटी स्वतःच आजारी पडते. तिची वारी तर कधीच चुकलेली असते.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतात. अशा कामाला पैसा लागतो. जागेचे भाडे, व्यायाम शिकवणारा, रिक्षा, आणि बाई बाहेर पडेल तेवढा वेळ रुग्णापाशी बसणारे माणूस. हा खर्च टाळला म्हणून वाचत नाही, तो त्या बाईच्या अंगावर निघतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचा समावेश आहे. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे, पण सरकारच्या ऐपतीची अट घालून. म्हणून सरकारकडे मागावेच, पण आपले हात बांधून बसू नये.

आपल्याजवळ पुष्कळ आहे. कंपवातात जमिनीला खिळलेले पाऊल ठेक्यावर सुटायला मदत होते, म्हणून व्यायामोपचारातही ठेका वापरतात. टाळ तर आपल्या गळ्यातच आहेत. मात्र ते औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे.

वारीत अनोळखी माणसाचे पाय चेपायला आपण धावतो. मग दिंडीच्या वर्गणीतला एक वाटा या घरांसाठी काढावा. भजनी मंडळातल्या दोघांनी घरच्यांकडून नीट शिकून घेऊन आठवड्यातून दोन तास रुग्णापाशी बसावे. तेवढ्यात ती माउली झोपेल, नाहीतर देवळात जाऊन येईल.

पुंडलिकासाठी देव युगानुयुगे थांबला. आपल्याला दोन तास थांबता येऊ नये?

रामकृष्णहरी.